प्रिंटर गावना नाय!

मे महिन्यात मी मालवणला मावशीच्या होमस्टेवर होतो. पाहुण्यांची गाडी दारात उभी, बिल छापायचं, आणि मावशीची हाक आली, "अरे, प्रिंटर गावना नाय!" वायफाय फुल्ल, इंटरनेट चालू, तरी तिच्या फोनला प्रिंटर दिसेना.

मुळात फोन प्रिंटर शोधतो कसा? वाडीत उभं राहून हाक मारावी ना, तसा. "छापणारं कोण आहे का?" ही हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर जाते. प्रिंटर ऐकतो आणि आपलं नाव, पत्ता सांगतो. याला म्हणतात एमडीएनएस. २०१३ साली आरएफसी ६७६२ मध्ये त्याचे नियम छापून आले. पण ही हाक वाडीपुरतीच. राउटर ती दुसऱ्या नेटवर्कमध्ये आपणहून पोचवत नाही.

घोळ तिथेच होता. प्रिंटर घरच्या वायफायवर, मावशीचा फोन पाहुण्यांच्या गेस्ट वायफायवर!

मग मधलं कुंपणच काढून टाकायचं? अजिबात नको. रोज नवे पाहुणे येतात. त्यांच्या फोनला घरचा कॅमेरा, कॉम्प्युटर कशाला दिसायला हवा? मी फक्त मावशीचा फोन घरच्या वायफायवर घेतला. बिल छापलं, गाडी सुटली.

आणखी एक. या हाकेला इंटरनेट लागतच नाही. पावसात नेट गेलं तरी राउटर आणि प्रिंटरला वीज असली की झालं.

तेव्हा प्रिंटर बदलण्याआधी एवढंच बघा: दोघं एकाच वाडीत आहेत ना?