माघारी बोलावलेली बस



विजेवर चालणारी बस ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. गोव्यात कदंब परिवहन महामंडळाच्या ताफ्यात ती आहे. पुणे, इंदूर, हैदराबाद या शहरांतून ती रोज धावते. महाराष्ट्र राज्य परिवहन महामंडळाची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर प्रथम निघाली. धूर नाही, इंजिनाची घरघर नाही, म्हणून प्रवासी या गाडीवर खूश आहेत, आणि ते योग्यच होय. परंतु नव्या यंत्राबरोबर त्याची नवी दुखणीही येतात, ती ओळखून ठेवणे इष्ट असते. आजचा विषय आहे तो बसच्या बॅटरीत दोष निघाल्यास कारखान्याने ती गाडी माघारी बोलावण्याचा. व्यवहारात यालाच ‘रिकॉल’ म्हणतात.

गाडी माघारी बोलावली म्हणजे कंपनीची नाचक्की झाली, आणि ज्या आगाराने ती उभी करून ठेवली त्याने लोकांची गैरसोय केली, असा समज सर्रास आढळतो. दक्षिण कोरियात २०२० व २०२१ या दोन वर्षांत जे घडले ते पाहिले म्हणजे या समजातील चूक ध्यानी येईल.

त्या देशातील ह्युंदाई कंपनीच्या ‘कोना’ नावाच्या विजेच्या मोटारींना आगी लागू लागल्या. काही मोटारी चार्जिंगला लावलेल्या असताना पेटल्या, तर काही नुसत्या उभ्या असताना. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीने मोटारी माघारी बोलावल्या. तथापि त्या वेळी केलेला उपाय वरवरचा होता. बॅटरीवर देखरेख ठेवणारी जी संगणकीय यंत्रणा गाडीत असते तिच्या आज्ञावलीत सुधारणा करण्यात आली, आणि तपासणीत ज्या बॅटरीत काही वावगे दिसले तेवढीच बदलून देण्यात आली. मालक निर्धास्त झाले. पण २३ जानेवारी २०२१ रोजी देगू शहरात चार्जिंगला लावलेली एक कोना मोटार पेटली. ती दुरुस्ती होऊन आलेली मोटार होती! दुखणे घटाच्या पोटात असेल तर वरून आज्ञावली बदलून ते बरे होत नाही, हे तेथे स्वच्छ दिसून आले.

पुढच्याच महिन्यात, १५ फेब्रुवारीस, चांगवॉन शहरात त्याच कंपनीची ‘इलेक सिटी’ नावाची विद्युत् बस रस्त्यावर पेटली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. तिच्यातही एलजी या कंपनीचे घट होते. नऊ दिवसांनी, २४ फेब्रुवारी रोजी, कोरियाच्या वाहतूक मंत्रालयाने घोषणा केली की, या वेळी आज्ञावली नव्हे, तर बॅटरीच बदलून द्यावयाची. त्या देशापुरता आकडा २६,६९९ वाहनांचा होता : कोना २५,०८३, आयोनिक मोटारी १,३१४ आणि बसगाड्या ३०२. जगभरचा हिशेब सुमारे ८२ हजारांवर गेला आणि खर्चाचा अंदाज एक लाख कोटी वॉनचा निघाला. बसगाड्यांची संख्या यात अगदीच थोडी वाटेल. परंतु एका मोटारीत चार-पाच माणसे बसतात, तर एका बसमध्ये पन्नास. शिवाय त्यांतील कोणासही ती बस निवडण्याचे स्वातंत्र्य नसते. थांब्यावर जी येईल तीत तो चढतो.

दोष तरी कोणता होता? बसची बॅटरी म्हणजे एकच मोठा डबा नव्हे. तीत शेकडो लहान घट असतात. एकेका घटाचा दाब तीन-चार व्होल्ट, पण ते एकापुढे एक जोडले की कित्येकशे व्होल्ट होतात. प्रत्येक घटात धन आणि ऋण असे दोन पत्रे असून त्यांच्यामध्ये एक अत्यंत पातळ पडदा असतो. हा पडदा शाबूत आहे तोवर सर्व ठीक. कोरियातील तपासात असे दिसले की, चीनमधील नानजिंग येथील कारखान्यात सुरुवातीच्या काळात तयार झालेल्या काही घटांमध्ये ऋण पत्र्याचे टोक दुमडले गेले होते. अशा दुमडलेल्या जागी चार्जिंगच्या वेळी लिथियम धातूचा थर साचतो, तो वाढत वाढत धन बाजूपर्यंत पोचतो, आणि घटाच्या आत शॉर्टसर्किट होते. एक घट तापला की शेजारचा तापतो, त्याच्या शेजारचा तापतो. कारखान्यात टोकाला पडलेली एवढीशी दुमड, आणि तिचा परिणाम असा!

या आगीचा स्वभावही निराळा आहे. डिझेलची आग फेसाने किंवा मातीने हवा तोडून विझविता येते. लिथियमच्या घटातील आगीस बाहेरच्या हवेचीच गरज असते असे नाही, कारण काही प्रकारच्या घटांत तापलेल्या द्रव्यातूनच प्राणवायू सुटतो. म्हणून येथे विझविण्यापेक्षा निवविणे महत्त्वाचे. त्यास पाणी पुष्कळ लागते, आणि विझलेली दिसणारी बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. लोह-फॉस्फेट प्रकारचे घट या बाबतीत अधिक सोशिक मानले जातात. सोशिक याचा अर्थ निर्धोक असा मात्र नव्हे.

कोरियातील कथेचा एक भाग विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. घट बनविणाऱ्या कंपनीने हरकत घेतली की, प्रयोगशाळेत तसाच दुमडलेला घट घेऊन पाहिले असता आग लागली नाही, सबब हेच कारण आहे असे म्हणता येणार नाही. हरकत अगदीच निराधार नव्हती. तरीही शासनाने पुरावा परिपूर्ण होण्याची वाट पाहिली नाही. प्रयोग चालू ठेवले, आणि गाड्याही माघारी घेतल्या. नवी बॅटरी मिळेपर्यंत मालकांना सांगण्यात आले की, चार्जिंग नव्वद टक्क्यांच्या वर नेऊ नये, कारण काठोकाठ भरलेल्या घटावर ताण अधिक असतो. पॅरिसमध्येही २०२२ च्या एप्रिल महिन्यात दोन विद्युत् बसगाड्या पेटल्या तेव्हा तेथील परिवहन संस्थेने त्याच प्रकारच्या सर्व १४९ गाड्या खबरदारी म्हणून रस्त्यावरून काढून घेतल्या. दीडशे गाड्या एकाएकी कमी झाल्यावर वेळापत्रकाचे काय होते, हे कोणाही आगारप्रमुखास सांगावयास नको.

आपल्या देशात कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ११०-अ हे कलम घालण्यात आले. वाहनातील दोषामुळे पर्यावरणास, चालकास, प्रवाशांस किंवा रस्त्यावरील इतरांस अपाय होण्याचा संभव असेल, तर केंद्र सरकार ते वाहन माघारी घेण्याचा आदेश कारखानदारास देऊ शकते. तदनंतर दुरुस्ती, बदली किंवा किंमतीची भरपाई हे कारखानदाराचे काम, ग्राहकाचे नव्हे. याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली. पुढील वर्षी, २०२२ मध्ये, देशात विजेच्या स्कूटरना आगी लागल्या, त्यांतील एक पुण्यात लागली. तेव्हा तीन कंपन्यांनी मिळून सहा हजारांहून अधिक स्कूटर आपणहून माघारी बोलावल्या. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियमही कडक झाले.

नियम कडक असले तरी दोष प्रथम दिसतो तो कागदावर नव्हे, तर बसच्या चालकाला किंवा चार्जिंगपाशी उभ्या असलेल्या कामगाराला. गोडसर उग्र वास, फुसफुस असा आवाज, बॅटरीच्या बाजूस पांढुरका धूर, नेहमीपेक्षा लवकर उतरणारा चार्ज, किंवा फलकावर वारंवार लागणारा तांबडा दिवा : यांपैकी काहीही आढळल्यास त्याची नोंद त्याच दिवशी आगाराच्या वहीत व्हावी. ‘उद्या बघू’ म्हणून ती राहिली की कारखान्यापर्यंत काहीच पोचत नाही. धूर दिसल्यास प्रवाशांस उतरवून गाडीपासून लांब न्यावे, १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे, आणि ‘बस विजेची आहे’ हे शब्द आवर्जून उच्चारावेत, म्हणजे अग्निशमन दल पुरेशा पाण्याच्या तयारीने येईल. सामान काढण्यासाठी परत आत शिरणाऱ्यास कोणीतरी हात धरून थांबवावे लागते, हाही सर्वत्रचा अनुभव आहे.

शिक्षकांनी शाळेच्या सहलीसाठी विद्युत् बस ठरविताना मालकास एक प्रश्न जरूर विचारावा : या गाडीबाबत कारखान्याचे काही पत्र आले आहे काय, आणि आले असल्यास काम पूर्ण झाले काय? खासगी मालकांपैकी पुष्कळांना असे पत्र मिळतच नाही, कारण गाडी दुसऱ्याच्या नावावरून घेतलेली असते आणि नोंदणीपुस्तकात जुन्याच मालकाचा पत्ता राहिलेला असतो. नाव व पत्ता बदलून घेण्याचे हे काम परिवहन कार्यालयात होते. पत्र आलेले असेल तर बॅटरीच्या दुरुस्तीचे पैसे मागणाऱ्यास ते दाखवावे.