सूज येते ती कशासाठी?

‘डॉक्टर, आधी ही सूज उतरवा, बाकीचं मग बघू.’ दवाखान्यात हे वाक्य मला दिवसाआड ऐकायला मिळतं. पायात बाभळीचा काटा मोडलेला असतो आणि माणसाचा राग मात्र काट्यापेक्षा सुजेवर अधिक असतो. म्हणून आज थोडी सुजेची बाजू मांडतो.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकानं इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. काटा घुसला की तिथल्या पेशींमधून हिस्टामिन सुटतं. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं, म्हणून जागा लाल आणि गरम होते. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात, ती सूज. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं मज्जातंतूंची टोकं हळवी करतात, म्हणून ठणका. ठणका असतो म्हणूनच आपण तो पाय जपून टाकतो!

या सैल भिंतींतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. अशा पेशी घुसखोराला घेरून शरीराचं रक्षण करतात, हे ओळखलं मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञानं. साल १८८२, गाव सिसिलीतलं मेसिना. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेलेली, आणि हे गृहस्थ घरी सूक्ष्मदर्शकापाशी. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी गुलाबाचे काटे खुपसून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा! १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं.

आपल्याही पायात तेच घडतं. काही तासांत न्यूट्रोफिल पेशी येतात, जंतू गिळतात आणि मरतात. पू म्हणजे बहुतांशी त्यांचीच प्रेतं. एक-दोन दिवसांनी मॅक्रोफेज येतात. या पेशी मला फार आवडतात, कारण त्या आधी केरकचरा उचलतात आणि मग दुरुस्तीचं काम करणाऱ्या पेशींना बोलावतात. नवं कोलॅजन विणलं जातं, नव्या केशवाहिन्या फुटतात. म्हणजे दाह आणि भरून येणं ही दोन वेगळी कामं नव्हेत, एकाच कामाचे टप्पे आहेत.

मग वेदनाशामक गोळी घ्यायचीच नाही का? असं मी म्हणत नाही. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. दोन दिवस गोळी घेऊन झोप लागत असेल तर जरूर घ्या. पण महिनोन्‌महिने मनानं घेतली तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडू शकतात. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांची गोष्ट तर आणखी वाईट. नायट्यावर चोळलं की लाली जाते, माणूस खूश, आणि बुरशी खालून निवांत पसरत राहते.

लाली पसरत चालली, थंडी वाजून ताप आला किंवा जखमेपासून वर लाल रेघ निघाली, तर मात्र लेप लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मला खरी काळजी असते ती जुन्या मधुमेह्यांची. त्यांच्या पांढऱ्या पेशी मंदावलेल्या असतात, रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे जखम दाहाच्या टप्प्यावरच अडकून राहते. त्यात पायाची संवेदना गेलेली, म्हणजे ठणकाही नाही. काटा आत, माणूस शेतात, आणि मोज्याला डाग दिसला की घरच्यांना पत्ता लागतो. अशांनी रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, नाहीतर नातवाला बघायला सांगावं.