गाठ आणि तिचा शेजार
(वर्धापनदिनी मंडळात दिलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून चिटणीसबाई म्हणाल्या, "आनंदाच्या दिवशी कर्करोग कशाला?" मी म्हटले, एरवी इतक्या जणी एकत्र भेटतात कोठे?

आपल्या शरीरातील अवयवांना बांधून, सावरून धरणाऱ्या तंतुपेशी असतात. एरवी त्या स्वस्थ असतात. विळीने बोट कापले की जाग्या होतात, कोलॅजन नावाचे चिवट धागे विणतात आणि जखम सांधली की पुन्हा शांत होतात.

कर्करोगाच्या पेशी त्यांना हीच हाक खोटेपणाने देतात. त्या रासायनिक निरोप धाडतात आणि शेजारच्या तंतुपेशी जखम झाल्यासारख्या कामाला लागतात. धागे विणतात, रोगपेशींच्या वाढीला पोषक द्रव्ये पुरवितात, नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साहाय्य करतात. हाक थांबत नाही, म्हणून काम थांबत नाही. १९८६ साली हॅरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकन वैद्यांनी अशा गाठींना 'न भरणाऱ्या जखमा' म्हटले, ते यामुळेच. स्तनातील अशी गाठ हाताला टणक लागते, तो टणकपणा पुष्कळसा या धाग्यांचाच असतो.

मग या तंतुपेशीच काढून टाकल्या तर? २०१४ साली उंदरांच्या स्वादुपिंडातील कर्करोगावर तसे प्रयोग झाले. रोग उलट अधिक बळावला! म्हणजे फूस लागलेले हे शेजारी रोगाला थोडा आवरही घालीत होते. म्हणून त्यांना नष्ट करण्यापेक्षा पुन्हा ताळ्यावर कसे आणावे, याचा शोध आज चालू आहे.

पण आपण काय करावे? माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी स्तनातील गाठ आठ महिने कोणाला सांगितली नव्हती. "दुखत नव्हती हो," एवढेच त्या म्हणाल्या. भगिनींनो, न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते, ही समजूत सोडा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु ते तपासणीने ठरावे, आपल्या अंदाजाने नव्हे. गाठ लहान असतानाच कळली तर उपचारांना पुष्कळ यश येते.

आणि एखादी मैत्रीण असे काही कानात सांगेल, तेव्हा "काही नसेल गं" म्हणून तिची समजूत घालू नका. "चल, मी येते बरोबर," असे म्हणा.