खाडीच्या तळाशी
(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या विषयाचा आरंभ मी एका कबुलीने करतो. काही वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका शाळेच्या तपासणीस मी गेलो होतो. अंगण झाडून लख्ख केलेले होते. शेरेबुकात मी ‘शालेय परिसर अत्यंत स्वच्छ’ असा शेरा लिहिला. निघताना पाहतो तो, मुले केराच्या टोपल्या खाडीच्या कडेला रिकाम्या करीत होती. त्यांत पिशव्या, बाटल्या व जाळ्यांचे तुकडे होते. मी काही बोललो नाही आणि शेराही बदलला नाही. तो केर भरतीओहोटीबरोबर गेला. तो कोठे गेला असेल, याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. तो आज करावयाचा आहे.

प्लास्टिक पालापाचोळ्यासारखे कुजत नाही. ऊन आणि लाटा यांच्या माऱ्याने ते ठिसूळ होते व त्याचे बारीक तुकडे पडतात. पाच मिलिमीटरहून लहान कणांस ‘सूक्ष्मप्लास्टिक’ म्हणतात. २००४ साली इंग्लंडातील प्लिमथ येथील शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्याच्या वाळूत व समुद्रातील गाळात असे कण आढळल्याचे प्रसिद्ध केले. कण केवळ केरातूनच येतात असेही नाही. ६ किलो अ‍ॅक्रिलिकचे कपडे यंत्रात एकदा धुतले, तर ७ लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात, असे तेथेच २०१६ साली दिसून आले.

आता तळाच्या जीवांकडे वळू. वाळूतील कृमी वाळूच गिळतात व तिच्यातील अन्न पचवितात. कालवे, तिसऱ्या, शिनाणे पाणी गाळून अन्न घेतात. अन्नकणाच्या आकाराचा प्लास्टिकचा कण आला, तर तोही पोटात जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शिनाण्यांच्या पोटातील असे कण रक्तात उतरले व ४८ दिवसांनंतरही तेथेच आढळले. स्कॉटलंडच्या क्लाइड समुद्रातील शेवंडांच्या एका जातीत तपासलेल्यांपैकी शेकडा ८३ जीवांच्या पोटात प्लास्टिक निघाले. ही पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. २०१३ साली असे दिसले की, प्लास्टिकमिश्रित गाळात ठेवलेल्या कृमींच्या शरीरातील शक्तीचा साठा निम्म्यापर्यंत घटू शकतो. पोट भरलेले, पण अंगी बळ नाही, अशी ती अवस्था होय.

या क्षुद्र जीवांची चिंता कशाला, असे कोणी विचारील. कृमी गाळ उकरतात म्हणून त्यात प्राणवायू खेळतो. त्यांच्यावर मासे व खेकडे जगतात; आणि आपल्या वर्गातील कित्येक मुलांच्या चुली त्या माशांवर पेटतात.

हे मुलांस पुस्तकातून सांगण्यापेक्षा डोळ्यांनी दाखवावे. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा, तिच्या झाकणाचा एक तुकडा आणि नायलॉनच्या जाळ्याचा एक धागा घ्यावा. तिन्ही ओल्या बोटांनी चोळून, हवेचे बुडबुडे काढून, खाऱ्या पाण्याच्या पेल्यात बुडवून सोडावे. बाटलीचा तुकडा व धागा तळाशी जातील. झाकणाचा तुकडा वर येईल. मग विचारावे, ‘हा कायमचा वरच राहील काय?’ मुलांना तर्क करू द्यावा. त्यानंतर सांगावे, की तरंगत्या तुकड्यावर शेवाळ व बारीक जीव चढतात, तो जड होतो आणि अखेर तोही बुडतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘मासे विषारी झाले’ असे वर्गात कदापि सांगू नये. माणसावरील परिणामांचे संशोधन अद्याप चालू आहे. अर्धवट बोलण्याने कोळ्याच्या मुलाच्या मनात आपल्याच घरच्या धंद्याविषयी भीती बसेल. त्याला हेच सांगावे की, तुटलेले जाळे होडीतून पाण्यात न टाकता घरी आणणारा कोळी समुद्राचे रक्षण करतो.

यापुढे तपासणीस येईन तेव्हा मी प्रथम अंगण पाहणार नाही; शाळेचा केर कोठे जातो, हे विचारीन. ओला केर खड्ड्यात, प्लास्टिक धुऊन वेगळ्या पोत्यात आणि पोते ग्रामपंचायतीच्या संकलनात, एवढी व्यवस्था जेथे असेल, तेथे अंगणात चार पाने पडलेली असली तरी ‘परिसर स्वच्छ’ हा शेरा मी आनंदाने लिहीन. माझा जुना शेरा खोडता येत नाही. नवा तरी खरा असावा, यासाठी आपले साहाय्य मागून मी भाषण संपवितो.