ॲटलास कोणता घेऊ?

ॲटलास म्हटले की आपल्याला शाळेतले नकाशांचे पुस्तक आठवते. माझ्या आत्याला मी एकदा सांगितले, की आमच्या विद्यार्थ्यांनाही ॲटलास लागतो. ती म्हणाली, “डॉक्टर होऊन कुठं फिरायला जायचंय त्यांना?” मी म्हटले, माणसाच्या शरीरातच जायचे आहे आणि तिथे रस्ता चुकला तर फार महागात पडते. ती हसली, पण मी ते विनोदाने म्हटले नव्हते.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षांहून अधिक नोकरी गेली. दरवर्षी नवी मुले येत. पांढरे ॲप्रन अजून कडक इस्त्रीतले, डिसेक्शन हॉलमधल्या फॉर्मॅलिनने डोळ्यांतून पाणी. पहिल्या आठवड्यातच कोणीतरी विचारी, “सर, ॲटलास कोणता घेऊ? चित्रांचा की फोटोंचा?” पालक तर हमखास विचारत, कारण ही पुस्तके स्वस्त नसतात. प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर मी बरीच वर्षे चुकीचे देत होतो, म्हणून आज बोलतो आहे.

आधी फरक सांगतो. चित्रांच्या ॲटलासमध्ये रोहिणी लाल, नीला निळी आणि मज्जातंतू म्हणजे नर्व्ह पिवळी धमक असते. सगळे स्वच्छ, वेगवेगळे, जणू आत्ताच धुऊन मांडलेले. फ्रँक नेटर या अमेरिकन डॉक्टर-चित्रकाराचा 1989 साली आलेला ॲटलास या प्रकारातला सर्वांत लाडका. पण विद्यार्थी पुस्तक मिटून टेबलापाशी येतो तेव्हा समोर रंगच नसतात. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या देहात सारे काही करड्या-तपकिरी छटांचे. रोहिणी फिकट, नर्व्ह फिकट आणि स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे टेंडन, तीही फिकटच.

आता आपला उजवा हात समोर धरा. अंगठा आणि करंगळीची टोके एकमेकांना लावा आणि मनगट थोडे आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसेल. काहींना दिसणार नाही, घाबरू नका. तो स्नायू काही लोकांत जन्मतःच नसतो आणि त्यावाचून काही अडत नाही. या दोरीला पामारिस लाँगस म्हणतात. ती नसली तरी चालते, म्हणूनच शल्यचिकित्सक ती काढून दुसरीकडे वापरतात. तिच्या अगदी खालून मीडियन नर्व्ह जाते. ती गेली तर अंगठ्याची पकड गेली आणि बोटांच्या टोकांची संवेदना गेली. टेबलावर या दोघी शेजारी शेजारी, एकाच रंगाच्या, जवळजवळ एकाच जाडीच्या दिसतात. टेंडन समजून मीडियन नर्व्ह काढली गेल्याच्या नोंदी शल्यचिकित्सेच्या नियतकालिकांत आहेत. अनुभवी हातांकडून झालेल्या चुका आहेत त्या. चित्रात ही चूक होऊच शकत नाही, कारण चित्रकाराने एक पिवळी आणि एक पांढरी रंगवलेली असते. फोटोत होऊ शकते. फोटोंच्या ॲटलासचे सारे मोल या एका गोष्टीत आहे: तो अडचण लपवत नाही.

त्यामुळे मी ठाम मताचा होतो. फोटोंचाच घ्या, असे सांगायचो.

2003 च्या सुमाराची गोष्ट. परभणी जिल्ह्यातला एक मुलगा आमच्याकडे आला होता. वडील सोडायला आले होते, धोतर, हातात पिशवी. माझ्या केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले, “सर, लेकराला कोणतं पुस्तक लागतंय तेवढं कागदावर लिहून द्या.” मी भारी आर्ट पेपरवर छापलेल्या एका फोटोंच्या ॲटलासचे नाव लिहून दिले. किमतीचा विचार मनात आला नाही. त्यांनी ते त्याच दिवशी दुकानातून आणले. ते कसे आणले, हे मला पुष्कळ नंतर कळले आणि ते इथे सांगण्यासारखे नाही.

मुलगा कष्टाळू. रात्री उशिरापर्यंत तो ॲटलास उघडून बसे. व्हायव्हात पानासकट उत्तरे देई. मी खूश होतो. वार्षिक परीक्षेत मात्र थिअरीत पास आणि प्रॅक्टिकलमध्ये नापास. विशेषतः स्पॉटिंगमध्ये तो धडाधड चुकला. स्पॉटिंग म्हणजे टेबलावर नमुने मांडलेले असतात, एकेका जागी टाचणी किंवा झेंडी टोचलेली असते, घंटा वाजली की पुढच्या टेबलाशी सरकायचे आणि नाव लिहायचे.

निकालानंतर मी त्याला हॉलमध्ये नेले. काखेतल्या नर्व्हच्या जाळ्याचा नमुना होता. तिथे पाच दोऱ्या मिळून इंग्रजी एम अक्षर तयार होते. विद्यार्थ्यांची ही आवडती जागा, कारण अक्षर ओळखले की सगळे सुटते. मी एका कडेच्या दोरीवर चिमटा ठेवला. तो म्हणाला, “मस्क्युलोक्युटेनियस, सर.” ती होती अल्नर. मग माझ्या ध्यानात आले. त्याच्या ॲटलासमधला फोटो उजव्या हाताचा होता, त्यात डाव्या कडेची दोरी मस्क्युलोक्युटेनियस. टेबलावरचा हात होता डावा. सारे आरशासारखे उलटले होते. पोराने नर्व्ह पाठ केलीच नव्हती, त्याने पानावरची जागा पाठ केली होती. मस्क्युलोक्युटेनियस ओळखायची खूण अशी, की ती दंडातल्या एका स्नायूला भोक पाडून आरपार जाते. ते बघायला त्याला कोणी सांगितलेच नव्हते. कोणी म्हणजे मी.

मी त्याचाच ॲटलास मागवला आणि उलटा करून त्याच्यापुढे धरला. खालचे वर, वरचे खाली. त्याला एकही नाव सांगता आले नाही. मग खरे सांगायचे तर घरी जाऊन मी स्वतःवर हा प्रयोग केला, न शिकवलेल्या दोन-तीन पानांवर, आणि मीही अडखळलो.

त्याचे सहा महिने गेले. ऑड बॅचमधून त्याने पुन्हा परीक्षा दिली. सहा महिने म्हणजे काय, हे पिशवी घेऊन आलेल्या त्या माणसाला विचारावे.

तेव्हापासून मुलांना पुस्तकाचे नाव सांगणे मी बंद केले. सांगायचो ते एवढेच, की आधी पंधरा दिवस डिसेक्शन करा. जो भाग स्वतःच्या हाताने सोडवला आहे, तोच भाग लायब्ररीत बसून दोन-तीन ॲटलासमध्ये काढा. छापलेली नावे पट्टीने झाका. पुस्तक उलटे धरा, कारण हॉलमध्ये तुम्ही देहाच्या डोक्याशी उभे असाल तर तुम्हाला तसेच दिसणार आहे. ज्या पुस्तकात तरीही वाट सापडते, ते तुमचे पुस्तक.

नावे कशी छापली आहेत हेही बघायला हवे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधले प्राध्यापक मॅकमिन आणि छायाचित्रकार राल्फ हचिंग्ज यांचा ॲटलास 1977 साली आला. त्यात फोटोवर बारीक आकडे आणि नावांची यादी शेजारी. जर्मनीतले रोहेन आणि जपानमधले योकोची यांचा 1983 चा ॲटलासही आकड्यांवरच चालतो, पण त्यात फोटोंच्या जोडीला समजावणारी रेखाचित्रे आहेत. आकड्यांचा वैताग येतो. नजर यादी आणि फोटोमध्ये सारखी येरझारा घालते. पण हा वैताग उपयोगी आहे. आकडा दिसला की आधी मनात उत्तर येते, मग यादी बघितली जाते. नाव थेट फोटोवर असेल तर आपण वाचतो आणि ओळखले असे समजतो. मँचेस्टरच्या गॉस्लिंग वगैरे मंडळींनी 1985 मध्ये तिसरी युक्ती केली: फोटो कोरा ठेवला आणि शेजारी त्याच आकाराचे नावांसह रेखाटन दिले. मला स्वतःला ही पद्धत सर्वांत आवडते, पण आवडीला काय, ती शिक्षकाची आवड झाली.

नावे अवयवावरच लिहायची रीत मात्र जुनी, आणि तिचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. 1858 च्या जगप्रसिद्ध ‘ग्रेज ॲनॅटॉमी’तील चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर याने काढली. त्याने नावे त्या त्या रोहिणीच्या, स्नायूच्या अंगावरच लिहिली. पुस्तक निघाले त्याच वर्षी तो मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला आणि पुढे काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. साताऱ्याच्या माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितले की त्यांची मान ताठ होई.

चित्र विरुद्ध फोटो हा वादही वाटतो तेवढा सरळ नाही. टोरांटोच्या ग्रँट यांचा 1943 चा ॲटलास चित्रांचा, पण ती चित्रे विच्छेदन केलेल्या देहांच्या फोटोंवरून बाह्यरेषा गिरवून काढलेली. म्हणजे फोटो पोटात ठेवून वर चित्र. उलट अमेरिकेत डेव्हिड बॅसेट यांनी व्ह्यू-मास्टर या खेळण्याचा जनक विल्यम ग्रुबर याला हाताशी धरले. लहानपणी आपण डोळ्यांना लावून ताजमहाल बघायचो, तेच यंत्र. 1952 ते 1962 या काळात त्यांचा ॲटलास खंडाखंडाने निघाला. पंधराशेहून अधिक दृश्ये, सारी खोलीसकट. कारण सपाट फोटोची मोठी उणीव हीच, की वरचे कोणते आणि खालचे कोणते ते कळत नाही.

दुकानात जाणाऱ्यांसाठी आणखी एक सांगतो. फोटोंच्या ॲटलासची झेरॉक्स काढू नका. रेघांच्या चित्राची काळी-पांढरी झेरॉक्स चालते, फोटोची निव्वळ राख होते. त्यापेक्षा सीनियरकडून जुनी आवृत्ती निम्म्या पैशात घ्या. नव्या आवृत्तीत सीटी आणि एमआरआयची पाने वाढतात, ती पुढे कामाची आहेत. पण माणसाच्या हातातील नर्व्ह दर आवृत्तीला बदलत नाही.

एक प्रश्न मात्र पालकांनी कधी विचारला नाही, तो एका मुलीने विचारला. फोटोतल्या हाताच्या नखांकडे बघून ती म्हणाली, “सर, ह्या कोण असतील?” मला उत्तर देता आले नाही. व्हिएन्नाच्या पेर्नकॉफचा ॲटलास चित्रांचा, पण त्याच्या इतकी देखणी चित्रे क्वचितच झाली असतील. पेर्नकॉफ कट्टर नाझी होता. 1998 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाने चौकशी करून जाहीर केले, की नाझी राजवटीत त्याच्या संस्थेला मृत्युदंड दिलेल्या किमान 1377 माणसांचे देह मिळाले होते. काही चित्रांखालच्या सह्यांत स्वस्तिकही होते. पुढे त्या पुस्तकाची छपाई थांबली, तरी अवघड शस्त्रक्रियेआधी काही सर्जन ते अजून उघडतात. त्यावर वाद आहे आणि तो असायला हवा. अमेरिकेच्या 1994 च्या प्रसिद्ध डिजिटल देहाचा पुरुषही टेक्सासमध्ये मृत्युदंड झालेला कैदी होता. त्याने देह देण्याला संमती दिली होती. पण फाशीघरातल्या संमतीला कितपत संमती म्हणायचे, हे मुलांनीच ठरवावे म्हणून मी तास संपेपर्यंत गप्प बसायचो.

आपल्याकडे 1949 च्या मुंबई शरीररचना कायद्याने बेवारस देह महाविद्यालयांना मिळू लागले. आता स्वखुशीचे देहदान वाढले आहे. ॲटलास हातात घेतला की प्रस्तावनेत देहदात्यांचा उल्लेख आहे का, ते मी आधी बघतो. नसेल तर पुस्तक वाईट ठरत नाही, पण मी बघतो.

2020 मध्ये कोविडने वर्ग बंद झाले आणि मुले घरी मोबाइलवर शरीर शिकली. बोटाने हृदय गरगर फिरवता येते, थर काढता येतात, परत लावताही येतात. छान आहे ते. व्ह्यू-मास्टरला जे साधायचे होते ते आता पोरांच्या खिशात आले. पण ती मुले पुढे हॉलमध्ये आली तेव्हा पहिला प्रश्न हाच होता: “सर, ह्याच्यात पिवळं कुठाय?”

परभणीचा तो मुलगा आता एका तालुक्याच्या गावी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. मध्यंतरी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. कपाटात तो ॲटलास होता. कव्हरला ब्राऊन पेपर, काखेच्या पानावर फॉर्मॅलिनचा डाग. त्या फोटोशेजारी त्याने पेन्सिलीने डाव्या हाताचा एम काढून ठेवला होता, आणि बाणाने दाखवले होते, की कोणती दोरी स्नायूत शिरते. म्हणाला, “सर, वडिलांनी घेतलेलं पुस्तक आहे, द्यावंसं वाटलं नाही कुणाला.” मग त्याच्या पत्नीने जेवायला हाक मारली आणि आम्ही उठलो.