कोल्हापूर की मुंबई?
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमची सारी नोकरी कोल्हापुरात झाली. निवृत्तीनंतर मुलाकडे मुंबईस राहण्याचा योग आला. तेव्हापासून, ‘यांतले कोणते शहर बरे?’ असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो.

कोल्हापुरात सकाळी रंकाळ्यावर जावे, तर दहा माणसे ‘गुरुजी’ म्हणून थांबवितात. मुंबईत शेजारच्या दाराआड कोण राहते, हे कळावयास आम्हांस चार महिने लागले. पण आमच्या मुलास अंगच्या गुणांजोगे काम मिळाले ते मुंबईतच, हे नाकारून चालणार नाही. त्या कामासाठी तो रोज तीन तास लोकलमध्ये घालवितो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबई पाण्याखाली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा कोल्हापुरात शिरली. दोन्ही वेळी अनोळखी माणसांसाठी घरांची दारे उघडली. ज्या शहरात आपल्यासाठी एखादे दार उघडते, तेच राहण्याजोगे, असे आमचे मत झाले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखूनच १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे सुरू करविली.

म्हणून एक विनंती. नोकरीस आलेल्या आपल्या मुलांना मुंबईकर कुटुंबांनी पहिला महिना आसरा द्यावा. गावी राहिलेल्या त्यांच्या आईवडिलांची विचारपूस कोल्हापूरकरांनी करावी. आमचे कोल्हापुरातील घर बंदच आहे. त्याची किल्ली आम्ही आज चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत. शिकावयास येणाऱ्या दोन मुलांची तेथे सोय व्हावी.