निसर्गोपचार : सेवाव्रतापासून व्यवसायापर्यंत



माती, पाणी, ऊन, हवा आणि मिताहार ही निसर्गोपचाराची साधने सर्वांनाच सुलभ आहेत. म्हणूनच ती कोणाच्या हाती सोपवावीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

जर्मनीतील लुई कुने आणि अॅडॉल्फ जुस्ट यांच्या ग्रंथांचा महात्मा गांधींवर प्रभाव पडला. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. १९४५ मध्ये त्याच्याशी निगडित न्यासाची जबाबदारी गांधीजींनी स्वीकारली. परंतु खेड्यातील दरिद्रीनारायणाची सेवा शहरात राहून होणार नाही, हे उमगताच मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले. तेथील आश्रमाची धुरा मणिभाई देसाई यांनी आजन्म वाहिली. पुण्याच्या त्याच वास्तूत १९८६ पासून राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था कार्यरत झाली.

मात्र केवळ सेवाभावाने व्यवसाय सिद्ध होत नाही. त्यास शिक्षण आणि उत्तरदायित्व लागते. आज बी.एन.वाय.एस. हा आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात शरीररचना, विकृतिशास्त्र आणि रोगनिदानही शिकविले जाते. तथापि, भारतीय चिकित्सापद्धतींसाठी २०२० मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत निसर्गोपचाराचा समावेश झाला नाही. त्यामुळे पदवीधर चिकित्सक आणि चार दिवसांच्या शिबिरातून आलेला हौशी उपचारक यांतील भेद सामान्य रुग्णास कळत नाही.

हा भेद जीवन-मरणाचा ठरू शकतो. आपल्या समाजात उपवास हे तप आहे. ते आत्मशुद्धीसाठी असते. रोग्याचा उपवास हा उपचार असून त्यास मात्रा आणि मर्यादा असतात. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीने वैद्यकीय देखरेखीविना लंघन केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. इन्सुलिन परस्पर बंद करणेही तितकेच घातक होय.

मालाडच्या बाजारात चार हात कापड घेणारा ग्राहकही पोत पारखतो, काठ उलटून पाहतो. देह सोपविताना मात्र तो उपचारकाची पदवी विचारीत नाही! धर्मादाय संस्थांनी निसर्गोपचार केंद्रे अवश्य चालवावीत. परंतु तेथे पदवीधर चिकित्सक नेमावा, रुग्णाची चालू औषधे नोंदवावीत आणि गंभीर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. सेवेला विवेकाची जोड मिळाली, तरच ती खऱ्या अर्थाने जीवदया ठरेल.